शेऱ्याने खिंडार बुजत नाही

‘पॅच लावला आहे, आवृत्ती पाहिली आहे, स्कॅनरच्या अहवालात काही निघालेले नाही, मग आता आणखी तपासावयाचे ते काय राहिले?’ सर्व्हरची देखभाल ज्यांच्याकडे सोपविलेली असते त्या खात्यांच्या बैठकींत हे वाक्य मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे, आणि ते ऐकताना मला जो संताप येतो तो वयोमानाने निवण्याऐवजी वाढतच चालला आहे. हे वाक्य एखाद्या नवशिक्याच्या तोंडचे असते तर त्याची समजूत घालून पुढे जाता आले असते. परंतु ते बोलणारी माणसे शिकलेली, अनुभवी, आणि लक्षावधी लोकांची नावे, बँकेची खाती, आजारपणाचे कागद व पगाराचे आकडे ज्या यंत्रांत साठविलेले असतात त्या यंत्रांची जबाबदारी आपल्या सहीने पत्करून बसलेली असतात. आणि म्हणूनच त्यांच्या या निश्चिंतपणाचा प्रतिवाद करणे मला माझे कर्तव्य वाटते.

त्यांची कैफियत प्रथम तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. ते म्हणतात की सॉफ्टवेअर ज्याने घडविले त्याला त्यातील दोष सर्वांहून अधिक समजतो, आणि त्याने दुरुस्ती, म्हणजेच पॅच, प्रसिद्ध केली म्हणजे तांत्रिक प्रश्न मिटला. उरतो तो केवळ अंमलबजावणीचा, व तिच्यासाठी हुकूम सुटलेला असतो, मुदत घातलेली असते, कामाच्या नोंदीचे टिकेट उघडलेले असते, आणि ते बंद करताना संबंधित इसमाने ‘काम पूर्ण’ असा शेरा मारलेला असतो. सर्व्हर आपली आवृत्ती स्वतःच सांगतो, ती यादीशी ताडून पाहिली की पुरे. तरीही कोणाला शंका उरलीच, तर तिच्या निरसनासाठी दोष हुडकणारे महागडे स्कॅनर घेतलेले आहेत. एवढ्यावरही जो ‘मला प्रत्यक्ष दाखवा’ म्हणतो तो सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवितो, चालू कामात अडथळा आणतो, आणि जे एकदा झाले तेच पुन्हा करावयास लावून संस्थेचा पैसा व वेळ दवडतो. ही कैफियत ऐकावयास समंजस वाटते. तिच्यातील एकही कलम प्रत्यक्षाच्या कसोटीला उतरत नाही.

सगळा घोटाळा ‘लावला’ या एका क्रियापदात आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली ही एक घटना. ती आपल्या यंत्राच्या डिस्कवर उतरली ही दुसरी. आणि या क्षणी मेमरीत जो प्रोग्राम चालू आहे व बाहेरून येणाऱ्या विनंत्यांना जो उत्तर देत आहे, त्याच्यातला दोष नाहीसा झाला ही तिसरी. चोराला पहिल्या दोन घटनांशी काहीही कर्तव्य नसते, त्याचा संबंध केवळ तिसरीशी येतो. आणि आपल्या दप्तरांतील बहुतेक सारे शेरे पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या घटनेबद्दलचे असतात. जी गोष्ट सिद्ध करावयाची ती सोडून तिच्या शेजारची गोष्ट सिद्ध केली, आणि त्या शेजारच्या पुराव्यावर मूळ प्रकरण दफ्तरदाखल केले, असा हा प्रकार आहे. कोणते न्यायासन असला पुरावा ग्राह्य धरील?

‘हुकूम सुटला म्हणजे काम झाले’ या समजुतीची किंमत काय पडते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील एक्विफॅक्स या पतमापन कंपनीचे २०१७ सालचे प्रकरण मुळापासून वाचावे. अपाचे स्ट्रट्‌स या सॉफ्टवेअरमधील एक भयंकर दोष, ज्याची नोंद दोषांच्या सार्वजनिक सूचीत सीव्हीई-२०१७-५६३८ या क्रमांकाने झाली, ७ मार्च रोजी दुरुस्तीसह जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा विभागाने कंपनीला इशारा दिला. ९ मार्चला कंपनीच्या सुरक्षा खात्याने चारशेंहून अधिक माणसांना पत्र धाडून अठ्ठेचाळीस तासांत पॅच लावण्याचे फर्मान काढले. १५ मार्चला स्कॅन चालविण्यात आला, आणि त्यात काहीही सापडले नाही. कागदोपत्री पाहिले तर या आठवड्यात काही न्यून काढता येत नाही: इशारा वेळेवर आला, हुकूम वेळेवर सुटला, मुदत कडक होती, तपासणीही झाली. आणि तरीही ग्राहकांच्या तक्रारी स्वीकारणारी, १९७०च्या दशकात मूळ बांधणी झालेली एक जुनी प्रणाली त्या दोषासह तशीच उघडी राहिली. १३ मे रोजी चोरटे तिच्यातून आत शिरले, जुलैच्या अखेरीपर्यंत आतच वावरत राहिले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती घेऊन गेले.

हे कसे घडले? हुकमाचे पत्र ज्यांना गेले त्यांच्या यादीत ती प्रणाली प्रत्यक्ष सांभाळणारा माणूस नव्हता. आणि स्कॅनर तर जिथे पाहावयास हवे होते तिथपर्यंत पोचलाच नाही. हुकूम पाळला गेला की नाही याचा पाठपुरावा कोणी केला नाही, हा ठपका पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पष्ट शब्दांत ठेवला. चोरी उघडकीला आली तीही एखाद्या जागरूक तपासणीमुळे नव्हे. जाण्यायेण्याची रहदारी उलगडून पाहणाऱ्या उपकरणाचे सर्टिफिकेट कित्येक महिने मुदतबाह्य होऊन पडले होते. २९ जुलैला ते बदलले तेव्हा ते उपकरण पुन्हा पाहू लागले, आणि पाहू लागताच त्याला संशयास्पद हालचाल दिसली. पाहणारा डोळा मिटलेला होता तेवढा काळ सर्व काही ठीक आहे असेच सर्वांना वाटत होते, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक भयावह वाटते.

कंपनीचे माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना या अनर्थाचे मूळ एका व्यक्तीच्या चुकीत आणि एका यंत्राच्या अपयशात दाखविले: एका माणसाने निरोप पुढे पोचविला नाही, आणि स्कॅनरने दोष हेरला नाही. हे स्पष्टीकरण पुष्कळांना पटले. मला ते मुळीच मान्य नाही. चारशे माणसांना पत्र गेल्यावर एक माणूस ते पुढे पाठविण्यास विसरेल, ही शक्यता अपवादात्मक नव्हे. माणसांचा जमाव जिथे असतो तिथे हे रोज घडते. ज्या व्यवस्थेत कोट्यवधी लोकांची सुरक्षितता एका इसमाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली असते, तिचा दोष त्या इसमाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. चोरटे शिरण्यापूर्वी नऊ आठवड्यांहून अधिक काळ ते दार उघडे होते. त्या नऊ आठवड्यांत त्या एका सर्व्हरवर जाऊन, त्या एका दोषाविषयी, ‘हा अजून येथे आहे काय?’ असा प्रश्न प्रत्यक्ष यंत्राला विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. चूक होती ती ही.

आता आवृत्तीच्या क्रमांकाकडे वळू. कारण पुष्कळ सुबुद्ध माणसांची श्रद्धा इथे येऊन स्थिरावलेली असते. क्रमांक खोटे कसे बोलेल, असे त्यांना वाटते. क्रमांक खोटे बोलत नाही हे खरे. परंतु आपण त्याला जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. रेड हॅट किंवा डेबियन यांच्यासारखे लिनक्सचे वितरक एखादे सॉफ्टवेअर आपल्या संचात घेतात तेव्हा त्याची एक आवृत्ती कायम धरून ठेवतात, आणि पुढे मूळ कर्त्यांनी नव्या आवृत्तीत जी सुरक्षेची दुरुस्ती केली असेल तेवढीच वेगळी काढून जुन्या आवृत्तीत आणून बसवितात. या पद्धतीला धंद्यातली माणसे बॅकपोर्ट म्हणतात. हेतू असा की जुन्या आवृत्तीवर उभारलेली कामे मोडू नयेत व भोक तेवढे बुजावे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सातवी मालिका २०१४ साली निघाली आणि तिची नियमित देखभाल २०२४ साली संपली. या दहा वर्षांत तिच्यातील अपाचे वेब सर्व्हर आपला क्रमांक २.४.६ असाच सांगत राहिला. तो क्रमांक २०१३ सालचा. त्याच्या पोटात मात्र पुढील दशकभराच्या दुरुस्त्या एकामागून एक भरल्या जात होत्या. ज्या सर्व्हरवर त्या दुरुस्त्या नियमाने चढविल्या तोही २.४.६, आणि ज्याला २०१४ नंतर कोणी हात लावला नाही तोही २.४.६. आता या क्रमांकावरून निष्पाप कोण आणि सदोष कोण हे ठरविणार तरी कसे?

पुण्यातील एका संस्थेत घडलेला, मी स्वतः पाहिलेला प्रसंग इथे सांगतो. संस्थेच्या नावाची गरज नाही. बाहेरून आलेल्या तपासनिसांनी सर्व्हरांचे बॅनर वाचले, म्हणजे सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या मथळ्यात आपले नाव व आवृत्ती सांगतो तेवढे वाचले, आणि २.४.६ या एका आकड्यावरून दोषांची लांबलचक यादी अहवालात चढविली. त्यांतले बहुतेक दोष वितरकाच्या पॅकेजमध्ये केव्हाच दुरुस्त झालेले होते. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, प्रत्येक सीव्हीई क्रमांक तारखेसह नोंदलेला होता, आणि तो पाहावयास पाच मिनिटे पुरली असती. सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणाने ते दाखले काढून पुढे ठेवले. वरिष्ठांना मात्र वादात रस नव्हता. त्यांना अहवाल स्वच्छ हवा होता. सबब त्यांनी तोडगा काढला तो हा, की सर्व यंत्रांवर बॅनरमधील आवृत्ती लपविण्याचे एका ओळीचे सेटिंग करावे. ते झाले. फेरतपासणीत यादी नाहीशी झाली, आणि तपासनीस व वरिष्ठ असे उभय पक्ष समाधान पावले.

परंतु त्याच यंत्रसमूहात एक सर्व्हर असा होता की ज्यावरील अपाचे कोणे एके काळी कोणी हाताने कंपाइल करून बसविले होते. ते वितरकाच्या देखभालीबाहेरचे असल्याने त्याला वर्षानुवर्षे एकही दुरुस्ती मिळालेली नव्हती, आणि त्या पहिल्या यादीत खरोखर दोषी असा तोच एक होता. बॅनर लपविताच निर्दोष यंत्रांवरचा खोटा आळ जसा गेला तसाच या दोषी यंत्रावरचा खरा आरोपही गेला. तो उघडकीस आला पुष्कळ महिन्यांनी, निराळ्याच कामासाठी कोणी त्या यंत्रावर लॉगिन केले तेव्हा. त्या दिवशी मला जी चीड आली ती अजून शमलेली नाही. आवृत्तीच्या आकड्यावर विसंबून राहणाऱ्याच्या हातून दोन अन्याय होतात: ज्याने काम केले त्याला तो दोषी ठरवितो, आणि जिथे काम झालेलेच नाही तिथे निर्दोषत्वाचा दाखला देतो. पहिल्या अन्यायाने कामसू माणसाचा उत्साह मरतो. दुसऱ्याने दार उघडे राहते.

‘मग सर्वांत नवी आवृत्ती घ्या म्हणजे झाले’ असे यावर लगेच सुचविले जाते. तेही असत्य आहे. अपाचे वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत २०२१ साली मार्ग ओलांडून नको त्या फायलींपर्यंत पोचू देणारा दोष निघाला. तो तिच्या आधीच्या २.४.४८ मध्ये नव्हता. ज्यांनी तत्परतेने नवे घेतले तेच नेमके सापडले. ४ ऑक्टोबरला २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती निघाली, आणि ती दुरुस्तीही अपुरी असल्याचे आढळून ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. या तीन दिवसांत ज्याने २.४.५० चढवून टिकेट बंद केले, त्याने आपले काम मनापासून केले होते. त्याचा शेराही प्रामाणिक होता. आणि सर्व्हर तरीही उघडा होता. २०१४ च्या सप्टेंबरात बॅश या आज्ञाकवचातील शेलशॉक नावाच्या दोषाची गत हीच झाली, पहिली दुरुस्ती अपुरी ठरून त्या एका मुळातून सहा निरनिराळे सीव्हीई क्रमांक निघाले. आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीने तर एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा पायऱ्या चढावयास लावल्या. मूळ कर्त्याने दुरुस्ती काढली म्हणजे तांत्रिक प्रश्न मिटला, असे म्हणणाऱ्यांनी यांपैकी कोणत्या पायरीवर आपला प्रश्न मिटला होता ते सांगावे.

लॉगफोरजेने आणखी एक गोष्ट शिकविली, जी शिकण्यास पुष्कळ दप्तरे आजही तयार नाहीत. ती लायब्ररी स्वतंत्र पॅकेज म्हणून यंत्रावर क्वचितच दिसे. ती दुसऱ्या कोणा सॉफ्टवेअरच्या जार फाइलीच्या पोटात, त्या जारच्या आतल्या जारमध्ये, अशी दडलेली असे. ‘आमच्या यंत्रावर ते नाहीच’ असे उत्तर पुष्कळांनी पॅकेजांची यादी पाहून दिले, आणि यादीपुरते ते खरेही होते. प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट बंद डब्यात चालविण्याची, कंटेनरांची, रीत आल्यापासून हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे, कारण यजमान यंत्रावर पॅच चढला तरी कंटेनरच्या प्रतिमेत गोठवून ठेवलेली जुनी लायब्ररी तिथे जशीच्या तशी राहते.

परंतु मला सर्वांत अधिक विस्तार करावासा वाटतो तो डिस्क आणि मेमरी यांतील अंतराचा. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल ही लायब्ररी जगातील असंख्य सर्व्हरांचे संभाषण गुप्त ठेवते, तिच्या १.०.१ पासून १.०.१ एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत असा दोष होता की समोरच्याने ‘मी इतकी अक्षरे पाठविली आहेत, तितकीच मला परत कर’ असे सांगून प्रत्यक्षात मूठभरच पाठविली, तरी सर्व्हर मोजून पाहत नसे, आणि उरलेली भरती आपल्या मेमरीतून, एका वेळी चौसष्ट किलोबाइटपर्यंत, करून देत असे. त्या मेमरीत पासवर्ड असत, आणि प्रसंगी सर्व्हरची खासगी चावीही असे. मूळ कर्त्यांची दुरुस्ती १.०.१ जी या नावाने आली. डेबियनने व रेड हॅटने मात्र ती १.०.१ ई मध्येच बसवून दिली, त्यामुळे ‘जी’ दिसत नाही म्हणून घाबरणारे आणि ‘ई’ पाहून खरोखर घाबरावयास हवे होते ते, यांची सरमिसळ झाली.

समजा, एखाद्याने योग्य पॅकेज चढविले. पॅकेज-व्यवस्थापक सांगतो की नवे बसले, डिस्कवरची फाइल बदललेली दिसते, आणि शेरा मारावयास आता हरकत उरलेली नसते. परंतु वेब सर्व्हरची प्रोसेस तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली तेव्हा तिने जुनी लायब्ररी मेमरीत घेतली होती; डिस्कवरून ती फाइल पुसली गेली तरी चालू प्रोसेस तिला सोडीत नाही. जोवर ती सेवा रीस्टार्ट होत नाही तोवर बाहेरच्या जगाशी बोलत असतो तो जुनाच, सदोष प्रोग्राम. एलएसओएफ ही आज्ञा दिली की पुसलेली तरीही वापरात असलेली लायब्ररी डोळ्यांना दिसते. रेड हॅटच्या घराण्यात नीड्‌स-रीस्टार्टिंग आणि डेबियनच्या घराण्यात नीडरीस्टार्ट अशी खास याच कामाची साधने आहेत. कर्नलची गोष्टही निराळी नाही. नवा कर्नल बसविला आणि यंत्र रीबूट केले नाही, तर यूनेम ही आज्ञा चालू असलेल्या जुन्याचेच नाव सांगते. आणि रीस्टार्ट टाळण्याकडे आपल्या संस्थांचा कल किती बळकट असतो! डाउनटाइमची परवानगी मागावयाची म्हणजे चार खात्यांच्या सह्या, ग्राहकांना सूचना, रात्री दोनची वेळ. म्हणून पॅच दिवसा चढतो, रीस्टार्ट ‘पुढील संधीस’ ढकलला जातो, आणि टिकेट त्या पहिल्या दिवशीच बंद होते. ही पुढील संधी येण्यास कधी आठवडा लागतो, कधी सहा महिने. या सहा महिन्यांत त्या सर्व्हरवर ज्यांची माहिती आहे त्यांना कोणी सांगितलेले असते की तुमचे दार अजून उघडे आहे?

स्कॅनरबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची योग्यता एक्विफॅक्सने दाखविलीच आहे. बाहेरून दार ठोठावून परतणारा स्कॅनर आणि यंत्रावर लॉगिन करून पॅकेजे मोजणारा स्कॅनर यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. शिवाय ‘काही आढळले नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. आणि अहवाल वाचणाऱ्यांपैकी किती जण स्कॅनरने काय काय पाहिलेच नाही त्याचे पान उघडतात?

राहिला अविश्वासाचा आक्षेप, जो बहुधा दुखावलेल्या स्वरात केला जातो आणि म्हणून लोक त्याला उत्तर देण्यास कचरतात. बँकेत संध्याकाळी रोखपालाची रोकड मोजली जाते, तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन माणसांकडे असतात. यात रोखपालाचा अपमान होतो असे कोणी म्हणत नाही, आणि उद्या मोजणी बंद केली तर विरोध करणारा पहिला माणूस रोखपालच असेल, कारण ती मोजणी त्याचे रक्षण करते. सर्व्हर सांभाळणाऱ्याची स्थिती याहून भिन्न का असावी? एक्विफॅक्समध्ये कोणी दुसरा माणूस तपासावयास गेला असता तर निरोप विसरलेला तो इसम काँग्रेसच्या साक्षीत गुन्हेगार म्हणून उभा राहिला नसता. माझ्या पुण्यातील प्रसंगातल्या तरुणाला खरी तपासणीच हवी होती. तिच्याअभावीच त्याच्यावर आळ आला. अविश्वासाचे नाव पुढे करून तपासणी टाळणारे लोक बहुशः काम करणारे नसतात, शेरा मारणारे असतात.

चाचणीने चालू कामात अडथळा येईल या धोक्याचा आक्षेप मात्र मी काही अंशी मान्य करतो, आणि एवढेच मान्य करतो. चालू सर्व्हरवर खराखुरा हल्ला करून पाहणे नेहमीच शहाणपणाचे नसते. काही दोषांच्या चाचणीत सेवा कोसळू शकते. दुसऱ्याच्या यंत्रावर त्याच्या लेखी परवानगीवाचून अशी चाचणी करणे तर आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ च्या कचाट्यात सापडणे आहे. परंतु यावरून निष्पन्न काय होते? एवढेच, की चाचणी विवेकाने करावी: यंत्राची हुबेहूब प्रत उभारून तिच्यावर करावी, किंवा निरुपद्रवी विनंती पाठवून उत्तर पाहावे. शेलशॉकची चाचणी एका ओळीची होती आणि तिने कशालाही धक्का लागत नसे. चाचणी करूच नये, हा निष्कर्ष या धोक्यातून कोणत्या तर्काने निघतो? तो दोष तपासणारा एक माणूस तुमच्या परवानगीची वाट न पाहता रोज रात्री तपासतच असतो. त्याला सेवा कोसळण्याची तमा नसते.

आणि पॅच खरोखर लागला, सेवा रीस्टार्ट झाली, चाचणी उत्तीर्ण झाली, तरी एक प्रश्न उरतोच, जो विरुद्ध पक्षाच्या कैफियतीत मुळी उच्चारलेलाच नाही: दार बंद होण्यापूर्वी आत कोण शिरले? मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरांतील दोषांवर दुरुस्ती काढली. परंतु ती चढण्यापूर्वी ज्या सर्व्हरांवर चोरट्यांनी वेब शेल नावाची मागची दारे बसविली होती ती दारे पॅचने काढली नाहीत. अखेर एप्रिलमध्ये एफबीआयला न्यायालयाच्या परवानगीने अमेरिकेतील शेकडो सर्व्हरांवरून ती काढावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्सच्या नेटस्केलर उपकरणांतील दोष बुजविल्यावरही आधी चोरलेली सेशन टोकने, म्हणजे लॉगिन झाल्याच्या खुणा, चालतच राहिली, आणि सर्व चालू सेशन्स मुद्दाम तोडल्याखेरीज पॅचचा उपयोग नव्हता. हार्टब्लीडनंतर खासगी चावी बदलून नवे सर्टिफिकेट न घेणाऱ्याचीही तीच स्थिती होती. त्याचे कुलूप नवे, पण चोराकडची जुनी चावी चालत राहिलेली. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपून ठेवणे आणि घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक केले आहे. पुष्कळांना हा निष्कारण जाच वाटतो. मला विचाराल तर त्या लॉगांचा खरा उपयोग या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे, आणि टिकेट बंद करताना ते उघडून न पाहणारा माणूस निर्देश पाळूनही त्यांचा हेतू विफल करतो.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे, आणि तीत मी तसूभरही सूट देण्यास तयार नाही. ज्याने पॅच चढविला त्याच्याखेरीज दुसऱ्या माणसाने त्या यंत्रावर जावे. वितरकाच्या चेंजलॉगमध्ये तो सीव्हीई क्रमांक नावानिशी पाहावा, चालू प्रोसेसने कोणती लायब्ररी मेमरीत धरली आहे ते पाहावे, सेवा शेवटची केव्हा सुरू झाली ती वेळ पॅचच्या वेळेशी ताडावी, जिथे शक्य तिथे दोषाची चाचणी करून यंत्राचे उत्तर जसेच्या तसे नोंदवावे, आणि दोष जाहीर झाल्यापासून सेवा रीस्टार्ट होईपर्यंतचे लॉग वाचून काय आढळले ते लिहावे. या नोंदीखाली त्या दुसऱ्या माणसाची सही असावी. ती होईपर्यंत त्या टिकेटावर ‘काम पूर्ण’ असा शेरा मारण्याची मुभा, त्याचा हुद्दा कितीही मोठा असो, कोणालाही असता कामा नये.